मदत हवी आहे : अंताल्या ते फेथिये किनाऱ्याने, बस की भाड्याची गाडी?

तेरडा
तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याने अंताल्याहून फेथियेपर्यंत जायचे आहे. वाटेतली जुनी शहरे पाहायची आहेत आणि मध्ये दोन रात्री समुद्रकाठच्या एखाद्या बऱ्यापैकी रिसॉर्टमध्ये काढायच्या आहेत. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. प्रश्न एवढाच आहे की बसने जावे की गाडी भाड्याने घ्यावी. गाड्यांचे दर रोज चढत आहेत, त्यामुळे आज-उद्यात ठरवणे भाग आहे. इंटरनेटवर जो तो सुरुवातीला बसची आणि शेवटी गाडीची बाजू घेतो, म्हणून इथे विचारते आहे. कृपया ‘दोन्ही चांगले’ असे उत्तर देऊ नये.

वळणवाट
गाडी. दुसरा विचारच करू नका. डी-४०० हा किनारी महामार्ग उत्तम अवस्थेत आहे, पण अवशेष त्या महामार्गावर नाहीत. पातारा, लेतून, ओलिम्पोस ही सगळी ठिकाणे आत आहेत. बस तुम्हाला फाट्यावर उतरवून निघून जाते आणि पुढचे अंतर तुम्ही उन्हात बॅग ओढत काटायचे. शिवाय कालकान आणि काश यांच्यामध्ये कापुताशचा किनारा लागतो, तिथे मनात आले की थांबता येणे हाच त्या रस्त्याचा अर्धा आनंद आहे.

एसटीप्रेमी
वरील प्रतिसादाशी असहमत. अंताल्याच्या बसस्थानकावरून देमरे आणि काशकडे दिवसभर लहान बसगाड्या सुटतात, काशहून फेथियेलाही सुटतात, आणि बहुतेक फाट्यांवरून आत जायला दोल्मुश म्हणजे आपल्या वडापसारखी वाहने असतात. फिनिकेच्या पुढे रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो, एकामागून एक वळणे घेत. त्या पट्ट्यात मागचे तिघे समुद्र पाहतात आणि चालवणारा फक्त पुढच्या ट्रकचे मागचे दिवे पाहतो. सुट्टी सर्वांची असावी, असे माझे मत आहे.

कागदोपत्री
धागाकर्तीने महिना, माणसे, त्यांची वये, पासपोर्ट, गाडी कोण चालवणार आणि उतरण्याचा विमानतळ यांपैकी काहीही सांगितलेले नाही, तरी दोन ठाम निकाल लागलेले आहेत. ही माहिती मिळेल काय?

तेरडा
प्रश्न बस की गाडी एवढाच होता, पण ठीक आहे. आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. ऑक्टोबरअखेरीस मुलाच्या शाळेला शरद ऋतूची सुट्टी असते, तेव्हा जाणार आहोत. मी, दहा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आमच्याकडे आलेले आई-बाबा, असे चौघे. जाणे-येणे दोन्ही अंताल्या विमानतळावरून. नवऱ्याला रजा नाही, त्यामुळे गाडी घेतली तर मीच चालवणार, आणि माझ्याकडे जर्मन परवाना आहे. आईचा गुडघा दुखतो, पण ती सपाटीवर चालते.

कागदोपत्री
म्हणजे भारतीय पासपोर्ट, असे धरतो. शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाचे) देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुठलाही वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल, तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. तुमचा आणि मुलाचा प्रश्न जर्मन निवास परवान्यावर सुटेल. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा मात्र एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हे पासपोर्ट उघडून स्वतः वाचावे. एकदाच प्रवेशाचा असेल, तर अंताल्याला उतरणे कदाचित जमेल, पण तिथून जर्मनीला परतता येणार नाही. आणि ई-व्हिसाचा अर्ज तुर्कस्तान सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण तशाच दिसणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांचा सुळसुळाट आहे.

हेमाडपंथी
२०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने कोणाची बाजू घेतली हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून आमच्या घरी तो देश यादीतून काढला आहे. समोरच ग्रीसचे ऱ्होड्स बेट आहे, तिथे लिंदोसचा किल्ला आणि अथेनाचे मंदिर आहे, रिसॉर्टही भरपूर आहेत, आणि असलेल्या शेंगेन व्हिसावरच काम भागते. विचार व्हावा.

तेरडा
हेमाडपंथी, आपली भावना समजू शकते, पण तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे तो विषय इथेच थांबवू या. कागदोपत्री, आई-बाबांचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे, आताच पाहिले. त्यामुळेच तर काशहून बोटीने समोरच्या मेइस बेटावर जेवायला जाऊन संध्याकाळी परत यायचे ठरवले आहे. बाबांना ‘एका दिवसात दोन देश’ ही कल्पना फार आवडली आहे.

कागदोपत्री
ती कल्पना सोडून द्यावी. मेइस म्हणजे ग्रीसचे कास्तेलोरिझो. बोट वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचते आणि शेंगेन व्हिसावर तुम्ही बेटावर उतरालही. परंतु भारतीयांना मिळणारा तुर्की ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. काशच्या बंदरावर बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो संपला. संध्याकाळी परतताना नवा व्हिसा हवा, नाहीतर बोटवाला तुम्हाला घेणारच नाही. ही बाब बस-गाडीच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती विचारल्याशिवाय बाहेर आली नसती.

पाथरवट
आता अवशेषांबद्दल लिहितो, कारण आई-बाबांना काय झेपेल यावरच वाहन ठरेल. या किनाऱ्यावर दोन प्राचीन प्रांत आहेत. अंताल्याच्या पूर्वेला पाम्फिलियाचे मैदान आणि पश्चिमेला लिकियाचे डोंगर. गुडघेदुखी असलेल्यांसाठी पूर्व बाजू सोपी आहे, पण लोक पश्चिमेच्या देखाव्यांच्या मागे लागून ती गाळतात.

पेर्गेला गाडी लागतच नाही. अंताल्याची ट्राम अक्सूपर्यंत जाते आणि तिथून शहर सुमारे दोन किलोमीटरवर आहे, टॅक्सीही मिळते. प्रवेशापाशी ग्रीक काळातले दोन गोल बुरूज आहेत आणि त्यांच्यामागे दुतर्फा खांबांच्या रांगा असलेला सरळ लांब रस्ता. या रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट खोदलेला आहे. टेकडीच्या पायथ्याशी नदीदेवतेची मूर्ती असलेल्या कारंज्यातून पाणी या पाटात उतरत असे आणि भर उन्हाळ्यात दुकानांसमोरून वाहत जाई. फरसबंदीवर रथांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत, मुलाला त्यात पाय ठेवून चालता येईल. शांकवांवर, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवर, ग्रंथ लिहिणारा आणि विवृत्त, अन्वस्त, अपास्त या वक्रांना त्यांची ग्रीक नावे देणारा गणिती अपोलोनियस याच गावचा.

आस्पेंदोसचे नाट्यगृह इ. स. दुसऱ्या शतकातले, झेनो नावाच्या स्थपतीने बांधलेले. रोमन नाट्यगृहांची रंगमंचामागची भिंत बहुतेक ठिकाणी कोसळलेली असते, इथे ती पूर्ण उंचीने उभी आहे. पायऱ्या उंच आहेत, पण खालच्या रांगेत बसूनही सगळे दिसते. मागच्या बाजूला जलवाहिनीचे मनोरे आहेत, ते मात्र चुकवू नका. डोंगरातून आलेले पाणी बंद दगडी नळातून दरीत उतरवून दाबाच्या जोरावर पलीकडे चढवण्याची ती योजना होती. सिदे हे याच बाजूचे पर्यटन-गाव, तिथे अपोलोच्या मंदिराचे उरलेले खांब थेट बंदराच्या टोकाशी आहेत. दोन रात्रींचे रिसॉर्ट सिदे किंवा बेलेकला घेतलेत तर या सगळ्याची सोय एकाच ठिकाणाहून होते.

पश्चिमेला देमरे येथे मिराची खडकात कोरलेली थडगी आहेत. ती खालूनच पाहायची असतात, चढ नाही. लाकडी घराच्या तुळया, वासे, दारांच्या चौकटी असे सगळे दगडात कोरले आहे. सांता क्लॉजच्या कथेमागचे संत निकोलस इथलेच बिशप होते, त्यांचे चर्च गावातच आहे. केकोवाला उचाअझहून बोट घ्यावी. बुडालेल्या घरांच्या पायऱ्या पाण्यात उतरताना दिसतात, मात्र अवशेषांवर पोहायला बंदी आहे. कालेकोयचा किल्ला चढाचा आहे, आईंनी खाली बोटीजवळ चहा घ्यावा. पाताराचे सभागृह जवळपास सपाटीवर आहे. लिकियातल्या शहरांचे प्रतिनिधी तिथे भरत, आणि मोठ्या शहराला तीन, मध्यमाला दोन, लहानाला एक मत असे. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूने या संघराज्याची वाखाणणी केली आहे.

क्सांथोस आणि लेतून १९८८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. क्सांथोसची सर्वांत देखणी शिल्पे १८४०च्या दशकात चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने लंडनला नेली, त्यामुळे तिथे बराचसा सांगाडा पाहावा लागतो, आणि वेळ कमी पडला तर मी तेच गाळीन. लेतून गाळू नये. तिथे लेतो देवी आणि तिची मुले आर्तेमिस व अपोलो यांची तीन मंदिरे शेजारी-शेजारी आहेत आणि भूजल वर आल्यामुळे जोत्यांच्या भोवती पाणी साचलेले असते. लेतोला पाणी पिऊ न देणाऱ्या गावकऱ्यांना तिने बेडूक केले, अशी कथा आहे. बेडूक अजून तिथेच आहेत आणि मोठ्याने तक्रार करत असतात.

तेर्मेसोस आणि यानार्ताश ही दोन ठिकाणे तुमच्या यादीत असतील तर खोडून टाका. अलेक्झांडरने जिंकण्याचा नाद सोडलेले तेर्मेसोस हजार मीटरच्या वर डोंगरात आहे. यानार्ताशला खडकातून नैसर्गिक वायूच्या ज्वाळा निघतात. त्या अंधारात खुलतात, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण रात्री टॉर्चच्या उजेडात उतरावी लागते.

बाल्कनीतला_चहा
एवढे लांब जाता आहात तर कापादोकिया चुकवू नये. पहाटेच्या गरम हवेच्या फुग्यातून दिसणारे दृश्य जन्मभर लक्षात राहते. आम्ही गुहेच्या हॉटेलात उतरलो होतो, हवे असल्यास छायाचित्रे टाकतो.

पाथरवट
कापादोकिया किनाऱ्यावर नाही, अनातोलियाच्या पठारावर आहे आणि अंताल्याहून रस्त्याने जवळजवळ एक दिवस जातो.

सोनचाफा
आई-बाबा शाकाहारी असतील तर सांगते. गोझ्लेमे मागावे. बायका दारातच पातळ लाटणीने पोळी लाटून, पालक, चीज किंवा बटाटा भरून घुमटाकार तव्यावर भाजतात. भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात, त्या पदार्थांना झेयतिनयाली म्हणतात आणि त्यांत सहसा मांस नसते. मसुराचे सूप सगळीकडे मिळते.

एसटीप्रेमी
मसुराचे सूप निःशंकपणे घेऊ नये. बऱ्याच ठिकाणी ते हाडांच्या रश्शात करतात. पिलावसुद्धा पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. आधी विचारावे.

सोनचाफा
आम्हाला विचारल्यावर प्रत्येक वेळी ‘नुसत्या पाण्यात’ असेच सांगितले.

एसटीप्रेमी
सांगणारच.

तेरडा
शाकाहारी आहेत, पण अंडे चालते. एक गोष्ट राहिली. आईला घाटात गाडी लागते. आंबा घाटात प्रत्येक वेळी थांबावे लागते.

वळणवाट
हे आधी सांगितले असतेत तर बरे झाले असते. तरीही मी गाडीच म्हणेन, कारण मळमळल्यावर गाडी थांबवता येते, बस थांबत नाही.

एसटीप्रेमी
थांबवणार कुठे? एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. चालवणारी एकटी, मागे मुलगा, शेजारी मळमळणारी आई, आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळलेला. तुर्कस्तानात २०१६पासून वर्षभर उन्हाळ्याचेच घड्याळ चालते, पण ऑक्टोबरअखेरचा दिवस त्याने मोठा होत नाही.

पाथरवट
तुम्ही दोघेही एक गोष्ट गृहीत धरता आहात की जाणे आणि येणे दोन्ही किनाऱ्यानेच व्हायला हवे. फेथियेहून अंताल्याला कोर्कुतेलीमार्गे आतून रस्ता आहे आणि त्यावरून बस साधारण साडेतीन तासांत पोहोचते. म्हणून असे करता येईल. पहिले दिवस सिदे किंवा बेलेकला राहून पूर्व बाजू बघा, तिथे रस्ता सपाट आहे. नंतर अंताल्याहून काशपर्यंत चालकासह गाडी ठरवा आणि मिरा त्याच दिवशी वाटेत पाहा, म्हणजे एका दमात सगळी वळणे अंगावर येत नाहीत. काशहून फेथियेकडे जाताना पातारा आणि लेतून, पुन्हा चालकासह. परतीला आतल्या रस्त्याची बस. आईंना पुढच्या सीटवर बसवावे आणि औषध निघण्यापूर्वी द्यावे, फिनिकेला पोहोचल्यावर देऊन उपयोग नाही.

वळणवाट
चालकासह गाडी म्हणजे शेवटी गाडीच झाली.

कागदोपत्री
परदेशी पर्यटकांसाठी ठरावीक दिवसांचा संग्रहालय-पास मिळतो. पेर्गे, आस्पेंदोस, सिदे, मिरा, पातारा एवढे पाहणार असाल, तर सुट्या तिकिटांची बेरीज पासच्या किमतीशी ताडून पाहावी. परदेशी लोकांचे दर युरोत असतात आणि वारंवार बदलतात, म्हणून जुन्या ब्लॉगांवरचे आकडे धरू नयेत.

तेरडा
पाथरवट, आपला आराखडा घेते आहे. सिदेला दोन रात्री, काशला दोन, फेथियेला एक, परत येताना बस. मेइस वगळले. बाबा निवृत्त गणित शिक्षक आहेत. पेर्गे अपोलोनियसचे गाव आहे हे त्यांना मघाशी वाचून दाखवले, तेव्हापासून मेइसचा विषय त्यांनीच बंद केला आहे. फेथियेहून बसचे तिकीट आधी काढावे लागते की स्थानकावर मिळते? आमचे परतणे २९ ऑक्टोबरला आहे.

एसटीप्रेमी
एरवी स्थानकावर मिळते. पण २९ ऑक्टोबर हा तुर्कस्तानचा प्रजासत्ताक दिन आहे आणि २८च्या दुपारपासूनच सुट्टी लागते, त्यामुळे गर्दी असेल. फेथियेला पोहोचल्याबरोबर स्थानकावर जाऊन चार जागा पक्क्या कराव्यात, विमान संध्याकाळचे असले तरी सकाळच्या बसच्या. आणि तिकीट काढताना कोर्कुतेलीमार्गे जाणारी बस हवी असे स्पष्ट सांगावे, नाहीतर काशमार्गे जाणारी मिळेल आणि सगळी वळणे पुन्हा होतील.