मदत हवी आहे: चुंबकाने जोडायचा नंबरपॅड लावताच मुख्य कीबोर्ड गोठतो

नमस्कार मंडळी. मुख्य कीबोर्डात आरपी२०४० (मायक्रोकंट्रोलर), नंबरपॅडात एमसीपी२३०१७ (कळा वाचून आय२सी बसवर कळवणारी चिप). १७ कळा, ५ बाय ४ मॅट्रिक्स, प्रत्येक कळीला १एन४१४८ डायोड. मधे ४ पोगो पिना (स्प्रिंगवर दबणाऱ्या): ग्राउंड, ३.३ व्होल्ट (व्हीसीसी), आणि आय२सीच्या दोन सिग्नल तारा, एसडीए (डेटा) व एससीएल (क्लॉक). या दोन तारा एरवी ३.३ व्होल्टवर धरणारे ४.७ किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर फक्त मुख्य बाजूला.

आधी जोडून मग यूएसबी लावली तर सगळं सुरळीत. चालू असताना जोडलं की एसडीए शून्यावर अडकते. कारण बहुधा हे: चुंबक तिरके ओढतात, एक टोक आधी टेकतं. सिग्नलची पिन व्हीसीसीच्या आधी लागली की चिप आतल्या डायोडमधून अर्धवट वीज घेते. एससीएलवर ९ पल्स देऊन बस सुटते, पण नंबरपॅडच्या चिपचे रजिस्टर कोरे असल्याने कळांसाठीच्या आतल्या पुल-अपची सेटिंग परत लिहीपर्यंत कळा मुक्याच.

ग्राउंड आणि व्हीसीसीच्या पिना १ मिमी लांब घेऊन भागेल, की बस बफर (दोन बाजूंच्या तारा वेगळ्या ठेवणारी मधली चिप) टाकावाच लागेल? बफर बसवला असेल तर कोणता?

दुसरं, रबाळे-महापे एमआयडीसीत नंबरपॅडचे २-४ नग नायलॉनचे खोके थ्रीडी प्रिंटरवर छापून देणारं कोणी आहे? पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) खोका गाडीत ठेवला की वाकतो आणि पिना जुळत नाहीत. ठाण्यातलंही चालेल.