स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेनचा फुगा सारखा फुगतो, काय करावं?

आईला मास्टेक्टॉमीनंतर (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) ड्रेनसकट, म्हणजे जखमेतला द्राव बाहेर काढणारी नळी आणि तिला जोडलेला फुगा यांसकट, घरी सोडलंय. फुगा फुगलेलाच राहतो, द्राव कमी येतो. नळी कधी काढतील?

— फुगलेला फुगा म्हणजे द्राव खेचणारी ओढ गेली. हात धुवा, द्राव मापात ओता, फुगा पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच झाकण लावा. आधी हात सैल केला की हवा शिरते. चूक बहुधा इथेच होते.

— रक्ताच्या गुठळीनेही नळी तुंबते. त्वचेजवळ एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने फुग्याकडे निपटत न्या. साधारणपणे २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी, असं सलग दोन दिवस आलं की काढतात. रोजचा आकडा लिहाच.

— ताप, पू, वाढती लाली किंवा अचानक लालभडक रक्त दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.