एफएएचे पीआयसी तास भारतात कमी का भरतात? (फ्लोरिडाहून, घाईत)

उडती_सांगलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात एफएएचं (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) कमर्शियल पायलट लायसन्स हातात आलं. परतीचं तिकीट पंचवीस दिवसांवर. डीजीसीएचे (आपलं विमान वाहतूक खातं) पेपर इकडे येण्याआधीच काढलेत, म्हणून डोक्यात एवढंच होतं की घरी जायचं, कन्व्हर्जनची, म्हणजे या लायसन्सवरून भारतीय लायसन्स घ्यायची, फाइल टाकायची.

काल रूममेटचा फोन आला. ती दोन महिने आधी परतली. तिची फाइल परत आलीय, शेरा एका ओळीचा: पीआयसी तास अपुरे. (पीआयसी म्हणजे पायलट-इन-कमांड, विमान आपल्या जबाबदारीवर उडवलेले तास.) तिच्या लॉगबुकात ११९ आहेत, लागतात १००. मग अपुरे कसे? माझे १२८.३ आहेत, एकूण उड्डाण २५४. दोघी एकाच फ्लाइंग स्कूलमधल्या, लिहायची पद्धतही एकच. इन्स्ट्रक्टरला विचारलं तर म्हणतो सगळं नियमात आहे, चेकराइडला (उड्डाणाच्या परीक्षेला) एक्झामिनरनेच तपासलंय.

बाबांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलंय. घरी अजून काही बोलले नाहीये. नक्की चुकलंय काय?

रनवे_०९

टेन्शन नको. दिल्लीत एजंट असतात, फाइल व्यवस्थित लावून देतात. व्यनि करा, नंबर देतो.

नाईट_हॉल्ट

एजंट फाइल लावेल, तास कुठून आणेल? बाई, त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझा इन्स्ट्रक्टर खोटं बोलत नाहीये. एफएएच्या हिशोबात पायलट लायसन्स मिळाल्यावर कंट्रोल तुझ्या हातात असले की शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असला तरी तो तास 'ड्युअल'मध्येही (इन्स्ट्रक्टरसोबतचे तास) जातो आणि 'पीआयसी'मध्येही. आपल्याकडे शेजारी इन्स्ट्रक्टर बसला की ड्युअल, विषय संपला. दुसरी भानगड सेफ्टी पायलटची. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) ४० तास भरायला तू बाहेरचं दिसू न देणारा हूड लावून उडवलंस, मैत्रीण सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघत बसली, आणि दोघींनी तोच तास आपापल्या पीआयसीत टाकला, बरोबर? तिकडे चालतं. इकडे एका म्यानात दोन तलवारी चालत नाहीत.

माझेही असेच तास कापले गेले होते. ॲरिझोनाहून आलो तेव्हा कागदावर १३४, कापून उरले ८१. आठवडाभर ऑफिसला शिव्या घातल्या. मग एका रात्री लॉगबुक उघडून, तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाचलं. एकाच ओळीत ड्युअल १.५ आणि पीआयसी १.५. त्याने काय समजायचं? त्याला माझं उड्डाण दिसत नाही, रकाने दिसतात.

तर आज रात्री एवढं कर. प्रत्येक ओळ वाच. जिथे ड्युअल आणि पीआयसी दोन्ही भरलेत तिथे पीआयसी वजा. सेफ्टी पायलटचे सगळे वजा, तू कुठल्याही सीटवर असलीस तरी. उरेल तो तुझा खरा आकडा. मग ३०० नॉटिकल मैलांचं क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) बघ: त्यात इन्स्ट्रक्टर 'नुसता बसलेला' होता का? एफएए कमर्शियलला ते चालवून घेतं, म्हणून बऱ्याच शाळा इन्शुरन्सचं कारण सांगून तसंच करतात. तसं असेल तर ते पुन्हा एकटीने कर, दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग (उतरून पूर्ण थांबणं) घेऊन.

तू अजून तिकडे आहेस हेच तुझं नशीब, कमी पडतील ते तास तिथेच एकटीने उडव. शंभरातले १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले लागतात, ते यातच निघतील. सकाळी लवकर उड, दुपारनंतर तिथले ढग कुणाचं ऐकत नाहीत.

उडती_सांगलीकर

दादा, बसले वहीत काट मारत. ड्युअलमधले ३३.४ गेले, सेफ्टी पायलटचे २१.८. उरले ७३.१. लाँग क्रॉस कंट्रीला इन्स्ट्रक्टर मागच्या सीटवर झोपला होता, पण सही त्याची आहे. रडून घेतलं थोडं. शाळेकडून रोज सकाळी सहाचा स्लॉट मागून घेतलाय, पैशांचं बाबांना आज सांगितलं.

लेक_कॉकपिटमध्ये

माझ्या मुलीच्या वेळचं सांगते. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बाकीचं नाव वेगळ्या, आणि एफएएच्या कार्डावर वडिलांचं नाव गायबच. तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव जुळतंय का बघ. आणि लायसन्सचं प्लास्टिक कार्ड पोस्टाने येतं. तू सोडणार त्या फ्लॅटच्या पत्त्यावर जाऊन पडायला नको! तात्पुरता कागद १२० दिवसच चालतो.

नाईट_हॉल्ट

ताई, अगदी बरोबर. त्यात भर: लायसन्स खरं असल्याचा दाखला एफएएकडून मागवावा लागतो, ओक्लाहोमा सिटीतून. तो अर्ज तिथे असतानाच टाक.

आणि एक बारीक गोष्ट, यात भलेभले फसतात. अमेरिकेत तास दशांशात लिहितात, आपल्याकडे तास-मिनिटांत. १.३ म्हणजे १:३० नाही, १:१८. मी पहिली चार पानं चुकीची उतरवली होती आणि बेरीज का जुळत नाही म्हणून कॅल्क्युलेटरवर राग काढला.

उडती_सांगलीकर

नऊ दिवसांनी लिहितेय. आज ओकाला, तिथून फोर्ट मायर्स, मग परत. एकटी. दोन्हीकडे फुल स्टॉप, दोन्हीकडे इंधनाची पावती घेतली, लॉगबुकाला टाचलीय. ओकालाला उतरले तेव्हा रॅम्पवर (विमानं उभी करतात तिथे) कुणी नव्हतं, मीच चाकांना चॉक लावले. विमानाच्या मीटरवर ३.७ तास. शेऱ्यात 'सोलो' लिहून इन्स्ट्रक्टरचा रकाना रिकामा सोडलाय. आता पीआयसी एकूण ८८.६. चालेल ना असं?

नाईट_हॉल्ट

चालेल. आपल्या लॉगबुकात ३:४२. रिकाम्या रकान्यात आडवी रेघ मार, नंतर कुणी काही लिहिलं असं वाटायला नको. आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) लाव, तिकडे सध्या उन्हाळी वेळ आहे, चार तास मिळव.