मेळघाटातले शिक्षक आणि ‘पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी’

पाटीपेन्सिल :
‘मेळघाटातल्या शिक्षकांना कोरकू शिकवण्यात सरकारने पैसा घालवू नये, पोराच्या कानावर पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठीच पडावी,’ असे काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिले. कोरकू ही मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची मातृभाषा. धारणी तालुक्यात अकरा वर्षे पहिलीचा वर्ग घेतल्यामुळे गप्प बसवत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी ‘आई आला’ असे लिहायची आणि मी दर वेळी लाल शाईने ‘आली’ करायची. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी असते, स्त्रीलिंगी-पुल्लिंगी अशी नाही, हे मला तिसऱ्या वर्षी अंगणवाडीताईंकडून कळले. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक तिला कधी सांगावा लागला नाही, कारण तो कोरकूतही आहे. डी.एड.च्या दोन वर्षांत पाठटाचणांच्या वह्या भरल्या. मुलांची भाषा आपल्याला येत नसेल तर काय करावे, यावर मात्र एक तासही झाला नाही.

स्पष्टवक्ता :
तो सद्गृहस्थ मीच. ताई, धारणी-चिखलदऱ्यात कोरकूंबरोबर गोंड आणि गवळीही राहतात, बाजाराची भाषा हिंदी. शिक्षकाने किती भाषा शिकायच्या? दहावीचा पेपर कोरकूत निघणार नाही. आणि प्रशिक्षणांचे कौतुक मला सांगू नका. हजेरीपत्रकावर सही, गटाचा फोटो आणि संध्याकाळची एसटी, एवढेच माझ्या हाती लागले.

पाटीपेन्सिल :
प्रशिक्षण वाईट होते, म्हणून ते नकोच, हा तर्क अजब आहे. शिक्षकाने चार भाषांत भाषणे द्यावीत असे कोणीही म्हटलेले नाही. मुलाची चूक कुठून येते हे ओळखता यावे, एवढीच मागणी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेतून शिकवायला सांगते, पण ‘व्यवहार्य असेल तितके’ अशी पळवाट ठेवून. आपण त्या पळवाटेचा हमरस्ता केला.

सातबारा :
दोघेही मूळ दुखणे टाळत आहात. ‘अवघड क्षेत्रा’त, म्हणजे बदल्यांसाठी दुर्गम ठरवलेल्या भागात, आलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून बदलीचे पोर्टल उघडून बसतो. कोरकू शिकवून त्याला सपाटीवर पाठवणार असाल, तर खर्च कशाला?

स्पष्टवक्ता :
पोर्टल उघडणाऱ्यांत मीही होतो. पत्नी दुसऱ्या जिल्ह्यात, आई अंथरुणाला खिळलेली आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तीन-तीन दिवस रस्ता बंद. सात वर्षे काढली. घरी बसून टोमणे मारणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे काढावा, मग बोलावे.

सातबारा :
तुमची अडचण खरी असेल, सर. पण सात वर्षांत किती कोरकू शब्द शिकलात, तेही लिहा.

स्पष्टवक्ता :
‘डा’ म्हणजे पाणी. ‘जोम’ म्हणजे खाणे. झाले समाधान?

सिपनाकाठ :
मी कोरकू आहे आणि आज शिक्षक आहे. दुसरीपर्यंत मी वर्गात तोंड उघडले नाही, म्हणून गुरुजींनी मला ‘मंद’ ठरवले होते. तरीही माझ्या वडिलांना विचारले असते, तर त्यांनी ‘मराठीच शिकवा’ असे सांगितले असते, कारण तहसीलात कोरकू चालत नव्हती. त्यामुळे स्पष्टवक्ते सर पूर्ण चुकलेले नाहीत. मात्र मराठी मला बोलायला लावली ती एका बाईंनी, आणि त्या सुरुवात कोरकूतून करायच्या.

स्पष्टवक्ता :
ठीक आहे, पहिली-दुसरीपुरते मान्य. पण ते प्रशिक्षण या बाईंनी द्यावे. पीपीटीवाल्यांनी दिले तर मी सही करून एसटीच पकडणार.