दडपणाखाली गोल्फचा स्विंग नेमका कुठे बिघडतो?

पहिली_टी
नमस्कार. २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथील यूएस ओपनच्या शेवटच्या तीन होलमध्ये रॉरी मॅकलरॉयचे दोन छोटे पट (चेंडू जमिनीवरून भोकात ढकलण्याचे फटके) चुकले. त्यांतला सोळाव्या होलवरचा तर जेमतेम अडीच फुटांचा होता. पुढच्याच वर्षी त्याने ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स जिंकून कारकिर्दीत चारही मेजर (सर्वांत मोठ्या) स्पर्धा आपल्या नावावर केल्या. खेळाडू तोच आणि स्विंगही जवळपास तोच, मग फरक कशात पडला? प्रश्नामागे थोडा स्वार्थही आहे. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सरळ जाणारा माझा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, क्लबच्या मासिक स्पर्धेत, विशेषतः मागचा चौघांचा गट टीपाशी (होलच्या सुरुवातीच्या जागेपाशी) येऊन उभा असला की, हटकून डावीकडे वळतो. प्रशिक्षक म्हणतात, तंत्र ठीक आहे, मन आवरा. पण मन आवरायचे म्हणजे हातांनी नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

सैल_मनगट
दडपण सर्वांत आधी पकडीत उतरते. पकड आवळली की दंडापर्यंत सगळा हात ताठ होतो आणि बॅकस्विंग (क्लब, म्हणजे काठी, मागे उचलणे) संपून क्लब खाली यायला लागतो त्या क्षणी घाई होते. व्यावसायिक खेळाडूंचा बॅकस्विंग साधारणपणे डाउनस्विंगच्या तिप्पट वेळ घेतो. घाईत हे प्रमाण मोडते: बॅकस्विंग पुरता होण्याआधीच हात खाली धावतात, कंबर वळायची थांबते, मनगटे पुढे निघून जातात आणि क्लबफेस (काठीचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) मिटतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग डावीकडे जाणार नाही तर काय!

२०११ च्या मास्टर्समध्ये मॅकलरॉय चार फटक्यांच्या आघाडीने शेवटच्या फेरीला उतरला होता. दहाव्या होलच्या टीवरून त्याचा चेंडू डावीकडे थेट केबिनच्या आसपास जाऊन पडला, तिथे ट्रिपल बोगी (ठरलेल्यापेक्षा तीन फटके जास्त) झाली आणि फेरी ८० फटक्यांवर संपली. दोनच महिन्यांनी त्याने काँग्रेशनलवरची यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. इतक्या थोड्या अवधीत कोणी नवा स्विंग बांधत नाही. तेव्हा बिघाड स्विंगच्या रचनेत नव्हता, वेगाच्या तोलात होता, असे माझे मत आहे. टीवर उभे राहिल्यावर पकड एकदा मुद्दाम करकचून आवळा आणि मग सैल सोडा. किती आवळली होती, हे सोडल्यावरच कळते.

बॅरी_बर्न
सगळे खापर स्विंगवर फोडायला माझी हरकत आहे. १९९९ ची कार्नूस्टी येथील ओपन (ब्रिटिश ओपन) आठवा. शेवटच्या होलवर ज्याँ व्हॅन द वेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती आणि सहा फटक्यांत होल संपवले तरी तो विजेता ठरला असता. तरीही त्याने टीवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढला. चेंडू बराच उजवीकडे गेला, पण पाण्यातून वाचला. मग आखूड फटका मारून ओढ्याच्या अलीकडे थांबण्याऐवजी त्याने दोन नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) ग्रीनच, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळच, गाठायला घेतली. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि मागे दाट गवतात येऊन पडला. तिथून पुढचा फटका थेट त्या ओढ्यात, बॅरी बर्नमध्ये. बूट-मोजे काढून, पँट दुमडून पाण्यात उभा राहिलेला तो माणूस पाहिला की आजही पोटात कालवते. शेवटी दंडाचा फटका, मग बंकर (वाळूचा खड्डा), आणि एकूण सात.

लोक विसरतात ते असे की सातव्या फटक्याचा तो पट काही फुटांचा होता, चुकला असता तर प्लेऑफही (बरोबरी झाल्यावरचा निर्णायक खेळ) हातचा गेला असता, आणि त्याने तो घातला. म्हणजे हातांनी दगा दिला नव्हता. दगा दिला तो क्लब निवडतानाच्या निर्णयाने. प्लेऑफ मात्र पॉल लॉरीने जिंकला, जो त्या सकाळी दहा फटक्यांनी मागे होता.

अडीच_फूट
मूळ प्रश्नातल्या 'हातांनी नेमके काय करायचे' या शब्दांतच अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बीलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले की मुरलेल्या खेळाडूंना पट मारताना स्वतःच्या हालचालीवर बारीक लक्ष ठेवायला लावले की त्यांचा खेळ ढासळतो, तर नवशिक्यांना त्याच लक्षाचा फायदा होतो. क्लबात खेळणारे आपण बहुतेक जण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकलेले असतो, म्हणून सरसकट 'विचार करू नका' असे सांगणेही मला पटत नाही. रेंजवर हालचालीचा विचार करावा. स्पर्धेत चेंडू कुठे टेकवायचा तेवढाच.

२०२५ च्या मास्टर्सकडे पाहा. मॅकलरॉय त्या दिवशी मुळीच निर्दोष खेळला नाही. पहिल्या होलवर डबल बोगी, तेराव्यावर साध्या वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने) चेंडू पाण्यात आणि पुन्हा डबल बोगी, अठराव्यावर विजयाचा सुमारे पाच फुटांचा पट चुकला. प्लेऑफकडे जाताना त्याचा कॅडी (क्लब वाहणारा साहाय्यक) हॅरी डायमंड त्याला एवढेच म्हणाला की, सोमवारी सकाळी, म्हणजे स्पर्धेआधी, कोणी ही संधी देऊ केली असती तर आपण ती आनंदाने घेतली असती. तंत्राबद्दल अवाक्षर नाही. त्याच अठराव्या होलवर मग त्याने वेजने चेंडू चारेक फुटांवर आणून बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि जस्टिन रोझला मागे टाकले.

पहिली_टी
सर्वांचे आभार. माझ्या क्लबातल्या पहिल्या होलला डावीकडे कुंपण आहे, म्हणजे चेंडू बाहेर गेला की दंड ठरलेलाच. तिथे ड्रायव्हरऐवजी तीन नंबरचा वुड (त्याहून आखूड क्लब) घ्यावा का?

बॅरी_बर्न
घ्या. आणि कुठला क्लब घ्यायचा ते आदल्या रात्री घरी ठरवा; टीवर, मागे चार जण उभे असताना नको.

सैल_मनगट
सहमत. फक्त वुड हातात आहे म्हणून अंतर भरून काढायला जोर लावू नका. पकड तेव्हाच आवळली जाते.