शुगर असलेल्या माणसाला अनवाणी चालायला सांगू नका

मधुमालती

काल रानवाटा यांनी इथे लिहिलं की रोज पहाटे अर्धा तास दवावर अनवाणी चाललं की जमिनीतली ऊर्जा अंगात येते, शुगर उतरते, बीपी ताळ्यावर येतं, चष्म्याचा नंबर कमी होतो आणि रात्री गाढ झोप लागते. खाली लोकांनी हात जोडलेत. एकीने लिहिलंय, "आईची शुगर तीनशेच्या खाली येतच नाही, उद्यापासून सोसायटीच्या बागेत नेते." तिच्यासाठी चर्चेचा हा धागा काढला आहे.

मी मधुमेही पायांच्या ओपीडीत ड्रेसिंग करते. तिथे नायलॉनचा एक धागा असतो, तळव्यावर टेकवला की १० ग्रॅम दाबाला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि धागा लागला की "हो" म्हणायचं. समोरची बाई शांत बसलेली असते. धागा वाकतो, सुटतो, दुसऱ्या जागी परत वाकतो. मग ती विचारते, "सिस्टर, सुरू कधी करणार?"

अशा पायाला तुम्ही गवतावर सोडताय. एका काकांच्या टाचेत सराटा रुतून आत पू झाला होता. ते स्वतः चालत आले होते, तेही सुनेला फरशीवर ओले डाग दिसले म्हणून. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. "माझे पाय अजिबात दुखत नाहीत हो" असं शुगरचा पेशंट सांगतो तेव्हा मला धडकी भरते. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले. तुमची पोस्ट वाचणाऱ्यांत ते किती असतील याचा विचार करा.

आणि चष्म्याचा नंबर बुबुळाच्या गोलाईवर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो. दवाने तो उतरत नाही.

रानवाटा

ताई, तुमच्याकडे येतात ते आधीच बिघडलेले पाय. तेवढ्यावरून सगळ्या जगाला बूट घालायला लावणार का?

माझं सांगतो. आयटीतली नोकरी, दिवसभर बूट, गुडघे आणि कंबर दोन्ही धरलेले. ऑर्थोने महागडे इनसोल दिले, काडीचा फरक नाही. पुण्यात तळजाई टेकडीवर अनवाणी चालायला लागलो, आधी मातीच्या वाटेवर, मग खडीवर. पोटऱ्या भरून आल्या, पायाची बोटं फाकायला लागली, आज गुडघ्याचं नावही काढत नाही. हे मी कुणा पुस्तकातून उचललेलं नाही.

पुरावा हवा ना? १९९२ साली आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट पाय, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटात सगळ्यात वाईट. अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपले पूर्वज आयुष्यभर अनवाणी चालले आणि ठणठणीत होते. बूट कंपन्यांनी गेल्या पन्नास वर्षांत आपल्याला पांगळं केलं.

कोकणकडा

बिकिला १९६४ ला टोकियोतही जिंकला, तेव्हा बूट होते पायात. रोमला २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, टोकियोला २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. रोमला बूट नीट बसेनात म्हणून अनवाणी धावला होता. अर्धीच गोष्ट सांगू नका.

रानवाटा

मार्ग वेगळा, हवा वेगळी, चार वर्षांची जास्तीची तयारी. त्यावरून बूट चांगले हे सिद्ध होत नाही.

कोकणकडा

मग रोमवरून अनवाणी चांगलं हेही सिद्ध होत नाही.

जुनं_खोड

मी परभणीकडचा. शाळा दोन कोसावर, चप्पल म्हणून नव्हती. उन्हाळ्यात पळत सावली गाठायची, थांबलं की पाय भाजायचे. बाभळीचा काटा मोडला की आजी दिव्याजवळ बसून सुईनं काढायची आणि वरून बिब्ब्याचा चटका द्यायची. काटा परवडला, चटका नको असं व्हायचं. रानवाटा, तुम्हाला ती मजा वाटते. आम्हाला पहिली टायरची चप्पल मिळाली तेव्हा उशाला घेऊन झोपलो होतो.

आणि नारू, तो दोऱ्यासारखा लांब जंत, विसरलात का? आमच्या गल्लीत घरटी एकाच्या पायातून नारू निघायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. अनवाणी चालण्याचीच ती फळं.

मधुमालती

काका, नारू पायातून बाहेर पडायचा, पण आत जायचा तो पिण्याच्या पाण्यातून. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे, पायातला नारू त्याच पाण्यात अळ्या सोडायचा, त्या सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात जायच्या आणि तेच पाणी लोक प्यायचे. विहिरींना कठडे झाले, पाणी गाळून प्यायला लागले, नारू संपला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. चपलेचा संबंध नव्हता. पायातून आत शिरतो तो अंकुशकृमी.

जुनं_खोड

असेल. आमच्या आजीला सायक्लॉप्स कुठले माहीत. पण बाकीचं मी लिहिलं ते खरंच आहे.

टाचणी

"आपले पूर्वज अनवाणी चालले आणि ठणठणीत होते." कुणाचे पूर्वज, रानवाटा?

माझे पणजोबा चांभार. आरी, रापी, ऐरण आजही घरात आहे. गावाच्या पायताणांची मापं त्यांनी घेतली, बलुत्याला वर्षाचं धान्य. स्वतः मात्र पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायताण काढून काखेत धरायचं. ऊन असो, चिखल असो. माझ्या आजोबांनी ते एकदा काढलं नाही तर त्यांना काय झालं ते घरात आजही मोठ्याने कुणी बोलत नाही. आमच्यात पहिल्यांदा बूट घालून कॉलेजला गेला तो माझा बाप. त्या बुटांचा फोटो आहे आमच्याकडे.

तेव्हा "बूट कंपन्यांनी पांगळं केलं" हे वाचून तळपायाची आग मस्तकात जाते. ज्यांना चप्पल काढायची सक्ती कधी झाली नाही त्यांनीच अनवाणी चालण्याला ऊर्जाबिर्जा म्हणावं.

सह्यवारा

झालं. आरोग्याच्या धाग्यात जात आलीच. पायाच्या स्नायूंवर बोलत होतो आपण. प्रत्येक विषय तिथेच न्यायचा असेल तर चर्चा कशाला करायची?

टाचणी

मी नेला नाही. "पूर्वज" हा शब्द रानवाटांनी आणला, मी माझ्या पूर्वजांबद्दल सांगितलं. जुनं खोड त्यांच्या आजीबद्दल लिहितात तेव्हा ती आठवण, माझ्या आजोबांबद्दल मी लिहिलं की जात?

सह्यवारा

माझे आजोबाही अनवाणीच शेतात राबले. कोरडवाहू चार एकर. गरिबीला जात नसते.

टाचणी

गरिबीने चप्पल घेता येत नाही. घेतलेली चप्पल काखेत धरायला गरिबी लावत नाही. या दोन गोष्टींतला फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

जुनं_खोड

सह्यवारा, टाचणीताई खरं बोलतात. आमच्या गावात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वाद नको म्हणून गप्प बसायचं वय माझं गेलं.

आणि जात बाजूला ठेवा म्हणता तर २०१८ च्या मार्चमधला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवा. नाशिकहून मुंबई, १८० किलोमीटरच्या आसपास. त्यातल्या आदिवासी बायांच्या तळव्यांचे फोटो सगळ्या पेपरांत होते, कातडी सोलून निघालेली. मुंबईतल्या लोकांनी त्यांना चपला आणून दिल्या. अनवाणी चालण्याचे फायदे तेव्हा कुणी सांगितले नाहीत.

रानवाटा

अहो, डांबरावर उन्हात १८० किलोमीटर आणि सकाळी अर्धा तास मातीवर, हे एकच आहे का? मी कुठे कुणावर सक्ती केली? "पूर्वज" हा शब्द मागे घेतो, एवढ्यावरून रान पेटणार असेल तर. पण माझे गुडघे बरे झाले ते झालेच ना? ते कुणी का मानत नाही?

सोलापुरी_शेंगा

मी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, अनवाणी. आमच्याकडून हजारो माणसं जातात. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास रस्ता, रात्रभर चालणं. नवरात्रातही नऊ दिवस चप्पल नाही, ऑफिसलासुद्धा. त्यामुळे दोन्ही बाजूंना सांगतो, आम्ही फायद्यासाठी चालत नाही. पाय फुटतात, टाचांना भेगा पडतात, तिसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. आई तुळजाभवानीसाठी चालतो. त्याला "ग्राउंडिंग", म्हणजे अनवाणी पायाने जमिनीतली ऊर्जा घेणं, म्हणून विकलेलं मला आवडत नाही, आणि अडाणीपणा म्हटलेलंही आवडत नाही.

चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मले, पुढे जगभर अनवाणी फिरले. मुंबईच्या विलिंग्डन क्लबने पायात काही नाही म्हणून आत घेतलं नाही. त्यांनीही ते तब्येतीसाठी केलं नव्हतं. अनवाणी चालण्याला कारणं पुष्कळ असतात.

कोकणकडा

भावना मान्य. पण पावसाळ्यात आमच्याकडे येऊन बघा. लावणीला चिखलात उतरायचं तर अनवाणीच, गमबूट रुतून बसतो. दोन आठवड्यांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या, वास, खाज, रात्री झोप नाही. भेगेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू शिरतो. आमच्या वाडीतला धडधाकट पोरगा तापाने पडला, डोळे पिवळे झाले, किडन्या बसल्या. डॉक्सिसायक्लिनची गोळी वेळेवर मिळाली असती तर वाचला असता. मुंबईकरांनाही महापालिका दर पावसाळ्यात सांगते की तुंबलेल्या पाण्यातून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. किती जण जातात?

बांधावर फुरसं बसलेलं असतं. एवढंसं जनावर, पाचोळ्याच्या रंगाचं, पाय पडला की चावलंच. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. डसण्याची जागा बहुतेक वेळा पाऊलच असते. तळजाईवर सकाळी चालणाऱ्याला हे सांगून कळत नाही.

सह्यवारा

म्हणजे समुद्रावरही बूट घालून जायचं आता?

कोकणकडा

२०१३ च्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनवाणी उतरलेल्या डझनावारी लोकांना पाकट माशांनी डंख मारला होता. तेव्हा हो, उथळ पाण्यात पाय घासत जावं, उचलून टाकू नये. पाकट दचकून निघून जातं.

मधुमालती

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण त्या शुगर तीनशेवर असलेल्या आईची गोष्ट बाजूलाच राहिली.

रानवाटा, तुमचे गुडघे बरे झाले यावर माझा विश्वास आहे. तळव्यात स्पर्श ओळखणाऱ्या पेशी दाट असतात, पायाच्या आतले छोटे स्नायू बुटात आळशी होतात, अनवाणी चालताना त्यांना काम लागतं आणि पाऊल कसं पडतंय ते मेंदूला नीट कळतं. लहान मुलांना स्वच्छ मातीत, घरात, अंगणात अनवाणी खेळू द्यावंच, बंद बुटात कोंबू नये. १९९२ ची पाहणी त्याबद्दल आहे आणि ती चांगली आहे. पण ती मुलांच्या तळव्यांची पाहणी आहे. तिच्यात शुगर नाही, बीपी नाही, साठीची बाई नाही. ग्राउंडिंगचे जे प्रयोग सांगितले जातात ते मोजक्या माणसांवरचे आहेत आणि त्यांच्या आधाराने चटया विकल्या जातात. शुगर खाली आणते ती चाल. चप्पल घालून चाललं तरी तीच शुगर उतरते.

म्हणजे फायदा हवा तर पायात संवेदना हव्यात. तळवा बोलतो म्हणून फायदा होतो. ज्याचा तळवा मुका झालाय त्याला अनवाणी चालून काहीच मिळत नाही, फक्त जखम मिळते.

सोलापुरी शेंगा, तुम्हालाही सांगते. तुळजापूरला शुगरचे किती जण निघतात ते तुम्ही पाहिलं असेल. आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड येईपर्यंत न कळलेली माणसं माझ्यासमोर येतात.

सोलापुरी_शेंगा

माझी आईच येते बरोबर. बारा-पंधरा वर्षं झाली शुगरला. तिला नको म्हणणं मला जमणार नाही. पण पाय मुका झालाय का हे घरी कसं कळेल? तो धागा कुठे मिळणार आम्हाला?

मधुमालती

धागा नको. आईंना पाय सरळ करून बसवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा टोकं. तुमच्या बोटाने फक्त हलका स्पर्श करा, एखाद-दुसरा सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. कोणत्या पायाला लागलं ते त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर धोका आहे, मग डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चप्पल काढू देऊ नका. आणि सगळं कळलं तरी रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. चालायचंच असेल तर मऊ तळाच्या बुटांत चाला, आतून हात फिरवून खडा नाही ना ते बघून. आई तुळजाभवानी बूट बघत नाही.

सोलापुरी_शेंगा

शेवटचं वाक्य आमच्या आईला पटवणं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. पण आज रात्री बोटं लावून बघतो.

रानवाटा

ठीक आहे. माझ्या पोस्टच्या शेवटी एक ओळ टाकतो, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून करावं म्हणून. चष्म्याचं वाक्यही काढतो. बाकी पोस्ट काढणार नाही. बंद बुटांनी लोकांचे पाय बिघडतात हे मी बोलत राहणार.

टाचणी

पूर्वजांचं वाक्य अजून आहे तिथे. तेही काढा.

रानवाटा

काढलं.

मधुमालती

ओळ शेवटी नको, सगळ्यात वर टाका. फॉरवर्ड करताना लोक पहिल्या चार ओळी उचलतात, शेवटपर्यंत कुणी जात नाही. आणि "डॉक्टरांना विचारून" असं मोघम लिहू नका. "शुगर असेल तर अनवाणी चालू नका" असं स्पष्ट लिहा.