मदत हवी आहे: जुन्या गेमिंग लॅपटॉपवर ग्राफिक्स ड्रायव्हर सारखा क्रॅश होतोय

लॅपटॉप सेकंडहॅंड, ग्राफिक्स कार्ड ६ जीबी जीडीडीआर६ मेमरीचं. ठिकाण मालवण, समुद्र हाकेच्या अंतरावर. डेस्कटॉपवर काही होत नाही. गेम सुरू केला की साधारण २० मिनिटांत स्क्रीन काळी, आवाज तसाच चालू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाल्याची नोंद.

करून झालेलं: सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) ड्रायव्हर साफ करून दोन वेगळी व्हर्जन्स टाकली, फरक शून्य. टीडीआर डिले (कार्ड अडकल्यावर ड्रायव्हर रीसेट करण्याआधी विंडोज थांबतं तो वेळ) २ सेकंदांवरून ८ केला, तर फक्त जास्त वेळ हॅंग होतं (तो उपाय नव्हेच म्हणा). जीपीयू (मुख्य ग्राफिक्स चिप) ७४ अंशांवर, म्हणजे तापमान ठीक दिसतं. पण मेमरीचं तापमान हे कार्ड दाखवतच नाही. ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) टेस्ट थंड असताना स्वच्छ, तापल्यावर एरर. मेमरी क्लॉक ३०० मेगाहर्ट्झने खाली आणला की तासभर टिकतो. म्हणून संशय मेमरीवर.

खालचं कव्हर उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांच्या कडांना हिरवट गंज, आणि एका मेमरी चिपवरच्या थर्मल पॅडवर (चिपची उष्णता हीटसिंकला देणारी मऊ पट्टी) ठसा अर्धाच उमटलेला. आधी कोणीतरी चुकीच्या जाडीचं पॅड घातलं असावं.

प्रश्न असे:
जाडी कशी ठरवायची? दबलेलं पॅड मोजून उपयोग नाही, आणि जास्त जाड घातलं तर हीटसिंक जीपीयूवरून उचलला जाईल. पॅडऐवजी थर्मल पुटी (तेच काम करणारा मऊ लगदा) चालेल का?
बोर्डावर खाऱ्या हवेचा थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे, की अल्ट्रासोनिक सफाईच (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी)?
एवढं करूनही एरर राहिले तर चिप बदलण्यात अर्थ आहे का? रीबॉलिंगवर (तीच चिप काढून नव्या सोल्डरच्या गोळ्यांवर परत बसवणं) माझा फारसा विश्वास नाही.